बातमी कुणी फोडली?

परवा ऑफिसात माझा जाम पोपट झाला. शुक्रवारची मीटिंग, माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला. एका बातमीतला आलेख दाखवायचा म्हणून मी न्यूज साइट उघडली. आलेख आला आणि त्याच्या शेजारी हा एवढा मोठा पाळणा! लाकडी, मच्छरदाणीसकट, वर 'अजून विचार करताय?' असा सवाल. खोलीत दोन सेकंद शांतता. मग मागून कुणीतरी, "काय मॅडम, पेढे कधी?"

खरी गोष्ट अशी, की पाळणा वहिनीसाठी बघितला होता. पुढच्या महिन्यात तिचं डोहाळजेवण. बाळाच्या आधी पाळणा घरात आणायचा नाही असं आईचं म्हणणं, म्हणून नुसत्या किमती बघून ठेवत होते. पण हे सगळं प्रोजेक्टरसमोर उभं राहून सांगणार कोण? टीम हसली, मीही हसले. विषय संपला.

संपला नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, "तुला हसता आलं, बरं झालं."

गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते. तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं घरात ठरलेलं. तीन महिने झालेच नाहीत. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. तापाचं कारण सांगून तिने चार दिवस सुट्टी काढली आणि परत कामाला लागली. पण बातम्या वाचायला घेतल्या की पाळणा, रेसिपी शोधली की दुपटी, बसचं तिकीट काढायला गेलं की डायपर. कित्येक आठवडे. "जे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते ह्या जाहिरातींना माहीत होतं. आणि तेही अर्धंच," ती म्हणाली. नाव न घालता लिही, असं तिनेच सांगितलंय, म्हणून लिहितेय.

तर ही चुगली करतं कोण? बहुतेक वेळा कुकी. चहात बुडवायची नव्हे, ब्राउझरमधली.

देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड आठवा. चपला दिल्या, बिल्ला घेतला. परत येऊन बिल्ला दाखवला, की तुमच्याच चपला हातात. कुकी म्हणजे हा बिल्ला. वेबसाइट तुमच्या ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला देते आणि पुढच्या वेळी ती बघून तुम्हाला ओळखते. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली या इंजिनिअरने ही युक्ती काढली. ऑनलाइन दुकानात तुम्ही काय काय उचललंय ते लक्षात राहावं, एवढाच हेतू. त्यात वाईट काही नाही. आजही तुमचं लॉगिन टिकतं ते ह्या बिल्ल्याच्या जोरावर.

घोळ पुढे आहे. समजा, सगळ्या देवळांबाहेर, शिवाय साडीच्या दुकानात, मेडिकलमध्ये आणि डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही एकाच कंत्राटदाराचा माणूस बसलाय. तो तुमचं नाव विचारत नाही. फक्त बिल्ल्याचा नंबर बघतो आणि वहीत लिहितो. महिन्याभरात तुमची अख्खी कुंडली तयार! ही झाली थर्ड-पार्टी कुकी. साइट वेगवेगळ्या, पण पानावर बसलेली जाहिरात कंपनी तीच. माझ्या मैत्रिणीच्या नंबरापुढे 'पाळणा बघितला' एवढं लिहिलं गेलं. 'आता नको' हे लिहून घ्यायला ती पुन्हा त्या दुकानात कशाला जाईल?

ह्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "बॉस, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" नसेल. पण नवी नोकरी शोधताय हे टीम लीडला आज कळावं, की ऑफर लेटर हातात आल्यावर? लग्न मोडतंय हे आधी आईला सांगायचं, की ते वकिलांच्या जाहिरातींनी तिला सांगावं? प्रायव्हसी म्हणजे चोरी लपवणं नव्हे. आपली बातमी कुणाला, कधी सांगायची हे आपण ठरवणं. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांच्या खंडपीठानेही २०१७ मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलंय.

कायदाही हळूहळू जागा होतोय. 'ॲक्सेप्ट ऑल' एका क्लिकवर आणि नकार द्यायला चार पानं पालथी घालायची, ह्या चलाखीबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोकला. आपल्याकडे २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं त्यात आहे. मात्र अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार. तोवर काय? तोवर आपला हात जगन्नाथ!

मग त्याच टपरीवर दुसरा कटिंग मागवला आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

१. आधी ब्राउझर. सफारी २०२० पासून थर्ड-पार्टी कुकीज आपणहून अडवतो. फायरफॉक्सही प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो. क्रोमने २०२० मध्ये त्या बंद करण्याचं जाहीर केलं आणि नंतर बेत गुंडाळला. म्हणून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जाऊन त्या आपणच ब्लॉक करायच्या.

२. जुन्या कुकीज पुसायच्या. सगळीकडून लॉगआउट व्हाल, पासवर्ड आठवतोय ना ते बघा.

३. मोबाइल ॲप्सना कुकी लागत नाही, त्यांचा जाहिरात-नंबर वेगळा असतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. आयफोनवर 'ट्रॅकिंग'मध्ये जाऊन ॲप्सना परवानगी मागण्याचीच बंदी घाला.

४. गुगलच्या 'माय ॲड सेंटर'मध्ये दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं, गरोदरपण-पालकत्व अशा जाहिराती कमी करण्याची सोय आहे. मैत्रिणीने शेवटचं बटण दाबलं आणि फोन उलटा ठेवून दिला. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

५. इन्कॉग्निटोवर फार भिस्त नको. हिस्टरी तुमच्या मशीनवर राहत नाही, इतकंच. ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठे गेलात ते कळू शकतं. खासगी शोध घरच्या नेटवर, स्वतःच्या मशीनवर.

एवढं केल्यावर तुम्ही अदृश्य होता का? नाही. लॉगिन करून जिथे फिरता, तिथे तुमचं अकाउंटच वही असतं. पण निदान प्रत्येक दुकानात तोच माणूस भेटत नाही.

काल पुन्हा मीटिंगमध्ये तीच साइट उघडली. शेजारी बोअरवेलच्या पंपाची जाहिरात! थर्ड फ्लोअरच्या फ्लॅटवालीला बोअरवेलचा पंप. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

आणि पेढ्यांचं म्हणाल, तर मिळतील. आत्या झाले की मी स्वतः वाटीन. आणि बातमीही मीच देईन.