जॅब लागला का, याआधी तो परत आला का ते बघा

बॉक्सिंग शिकायला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्याच आठवड्यात ग्लोव्ह्ज चढवायचे आणि त्याला बॅगसमोर उभं करायचं, ही पद्धत आपल्याकडे रूढ होत चालली आहे. शहरांतल्या जिममध्ये हे गिऱ्हाईक टिकावं म्हणून होतं, तर शाळा-क्लबांत स्पर्धा तोंडावर आली म्हणून. परिणाम दोन्हीकडे सारखाच असतो. मूल मारायला शिकतं, पण नीट उभं राहायला शिकत नाही. माझं मत असं आहे की, पहिले दोन महिने तरी नवशिक्याकडून पवित्रा, पावलं आणि जॅब यांखेरीज काहीही करून घेऊ नये. त्यातही जॅब किती जोरात लागला याला फार महत्त्व देऊ नये. मारलेला हात हनुवटीपाशी कसा परत आला, यावर कोचची नजर असावी.

पवित्र्यात शिकण्यासारखं एवढं काय आहे, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे आणि उजवा मागे असतो, पण दोन्ही एका रेषेत नसतात. त्यांच्यात साधारण खांद्याइतकी रुंदी राखावी लागते, नाहीतर हलक्या धक्क्यानेही तोल जातो. पुढच्या पावलाचं टोक किंचित आत वळलेलं, मागची टाच जमिनीपासून जराशी सुटलेली, गुडघे सैल, कोपरं बरगड्यांलगत, हनुवटी खाली आणि उजवी मूठ गालाशी. इथून निघणारा जॅब हाताने मारायचा नसतोच; त्याची सुरुवात मागच्या पायाच्या चवड्याने जमीन ढकलण्यातून होते. पुढचं पाऊल वीतभर सरकतं, डावी मूठ सरळ जाते, शेवटच्या क्षणी तळवा जमिनीकडे वळतो आणि खांदा वर येऊन हनुवटी झाकतो. मग हात गेला त्याच वाटेने मागे येतो. नवशिक्याच्या चुकाही ठरलेल्या असतात. कोणी मूठ निघण्याआधीच कोपर बाहेर काढतो, त्यामुळे समोरच्याला ठोसा येताना दिसतो. कोणी पुढच्या गुडघ्यावर एवढा झुकतो की मागे हटायला पायच उरत नाही. कोणाची उजवी मूठ गालावरून घसरते, तर कोणाचा डावा हात परतताना कमरेशी येतो. बॅगवर यांतली एकही चूक जाणवत नाही, कारण बॅग उलटा ठोसा मारत नाही. उलट धप्पकन आवाज आला की मुलाला आपलं बरोबर चाललंय असंच वाटतं.

शेवटची चूक किती महागात पडते याचा पुरावा मुष्टियुद्धाच्या इतिहासातच आहे. जून १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जो लुई उतरला तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि व्यावसायिक म्हणून २४ लढती खेळून अपराजित होता. समोर होता जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, वयाची तिशी गाठलेला, उतरणीला लागलेला समजला जाणारा. श्मेलिंगने लुईची लढत प्रत्यक्ष पाहिली होती, चित्रफिती तपासल्या होत्या. जॅब मारल्यावर लुईचा डावा हात खाली येतो, हे त्याने हेरलं होतं. त्याच मोकळ्या जागेतून तो उजवा ठोसा घालत राहिला. चौथ्या फेरीत लुई पडला आणि बाराव्या फेरीत बाद झाला. लुईचा जॅब या खेळातल्या उत्तम जॅबांपैकी एक मानला जातो. जाणाऱ्या हातात काहीच खोट नव्हती. जी होती ती परत येणाऱ्या हातात. जॅक ब्लॅकबर्नसारखा जाणता कोच पाठीशी असूनही ही सवय २४ लढतींत टिकून राहिली, कारण तोवर तिची शिक्षा त्याला कोणी दिली नव्हती. जिंकत असताना चूक दिसत नाही, हे शिकवणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावं. दोन वर्षांनी त्याच मैदानावर लुईने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, जेमतेम दोन मिनिटांत आटोपलं.

यावर हमखास पुढे येणारं नाव मुहम्मद अलीचं. अली हात खाली ठेवून खेळायचा, मग पवित्र्याचा एवढा आग्रह कशाला? अलीने बाराव्या वर्षी लुइव्हिलमध्ये शिकायला सुरुवात केली आणि १९६० मध्ये रोमला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. म्हणजे जगाने ज्याला हात खाली ठेवून नाचताना पाहिलं, त्याच्या पायांत तोवर कित्येक वर्षांची मेहनत मुरलेली होती. एवढं असूनही १९६३ मध्ये हेन्री कूपरच्या आणि १९७१ मध्ये जो फ्रेझरच्या डाव्या हुकने त्याला खाली बसवलंच. प्रत्येकाची शरीरयष्टी वेगळी असते, हा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. उंच मुलाने लांबून खेळावं, बुटक्याने डोकं हलवत आत शिरावं, डावखुऱ्याने उजवा पाय पुढे घ्यावा. पण हनुवटी उघडी टाकणं कोणत्याच शरीराला परवडत नाही. तिथे बसलेल्या ठोशाने डोकं झटक्यात फिरतं आणि मेंदूला इजा होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एवढा कंटाळवाणा सराव करून घेतला तर मुलं टिकतील का? ज्यांना फक्त घाम गाळायचा आहे त्यांनी हे का सोसावं? याचं उत्तर मनगटात आहे. मूठ आणि पुढचा हात एका रेषेत नसेल, ठोसा करंगळीच्या बाजूने बसत असेल, तर करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. या दुखापतीला डॉक्टर बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, पण ती बहुधा होते न शिकलेल्या माणसाला. फिटनेससाठी येणाऱ्यालाही हाड मोडून घ्यायचं नसतंच. राहिला कंटाळा. आपल्या तालमींत मुलं जोर-बैठका काढून मगच डावांकडे वळत आली, कारण वस्ताद त्यांना कशासाठी काय चाललंय ते दाखवत. इथेही जोडीदाराने हलक्या हाताने खांद्याला स्पर्श करायचा आणि दुसऱ्याने फक्त पावलांनी निसटायचं, असे खेळ घेता येतात. शॅडो बॉक्सिंग आरशासमोर, संथ गतीने घेतलं की मूल आपली चूक स्वतःच पकडतं, आणि ती पकडण्यातही मजा असते.

खरी अडचण वेळेची आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि काही महिन्यांतच शालेय स्पर्धा येतात. त्यातून दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात म्हणून पालकही घाई करतात. अंगाने भक्कम मुलगा जिल्ह्यात नुसत्या ताकदीवर जिंकतो, आणि वर गेल्यावर पहिल्याच शिकलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे उघडा पडतो. शाळांनी पहिल्या वर्षी मुलाला रिंगणात उतरवूच नये, असा नियम स्वतःपुरता करायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही. आणि पालकांनी क्लास निवडताना भिंतीवरच्या पदकांपेक्षा एकच गोष्ट पाहावी: नवं मूल जॅब मारत असताना कोच त्याच्या मुठीकडे बघतो की पायांकडे.