यजमान समोर नसताना

आमच्या घरात यजमानांच्या वह्या आहेत. नाशिकच्या रामकुंडावर पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या माणसांची नावं त्यांत आहेत. लांबट, अरुंद पानांच्या या वह्या खारव्याच्या लाल कापडात बांधून सागवानी पेटीत ठेवल्या आहेत. काही लेख मोडीत, काही बाळबोध. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या पन्नास वर्षं सांभाळल्या. आता मी सांभाळते. यजमान येतो, गाव सांगतो, आडनाव सांगतो, वही सोडली जाते आणि पणजोबांचं अक्षर समोर येतं. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने आपली निशाणी काढलेली असते. कुणब्याचा नांगर, शिपाईगड्याची कट्यार. एका पानावर नांगराचा फाळ काढताना बोरू अडखळला आणि शाईचा थेंब पसरला. त्या डागावर बोट टेकवून त्याच घरातला एक उतारवयाचा माणूस रडलेला मी पाहिला आहे.

अण्णांचा एक नियम होता. यजमान समोर बसल्याशिवाय दौत उघडायची नाही. जे लिहायचं ते त्याने सांगायचं, खाली सही किंवा निशाणी त्याची. त्याच्या वतीने आपण एक अक्षरही वाढवायचं नाही.

गेल्या महिन्यात अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका यजमानाच्या मुलाचा फोन आला. त्याच्या आडनावाची सगळी पानं फोटो काढून हवी होती, वंशवृक्षाच्या एका संकेतस्थळावर टाकायला. मी त्याच्या थेट शाखेची पानं पाठवली. चुलत शाखांची पाठवली नाहीत. तो नाराज झाला. "नावंच तर आहेत, आणि तीही गेलेल्या माणसांची," तो म्हणाला. त्याला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी इथे मॉर्मन पंथाचं मुख्यालय आहे. शहराजवळच्या एका दरीत ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्यांनी १९६०च्या दशकात कोठारं बांधली आणि जगभरच्या जन्ममृत्यूच्या, लग्नांच्या, घराण्यांच्या नोंदींच्या लाखो मायक्रोफिल्म तिथे ठेवल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या फिल्मही त्यांच्याच वंशशास्त्र संस्थेने काढल्या. या कामाबद्दल मला खरा आदर आहे. कसर आणि ओल यांनी माझ्या डोळ्यांदेखत वह्यांची पानं खाल्ली आहेत; कोणी ती वाचवत असेल तर त्याला नमस्कार करावा. पण नावं जमवण्यामागे या पंथाचं एक धर्मकार्यही आहे. बाप्तिस्मा न घेता जे मरण पावले त्यांच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा. मंदिरात बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर पाण्याचं मोठं कुंड असतं. पांढऱ्या कपड्यातली माणसं, पुष्कळदा बारा-पंधरा वर्षांची मुलंमुली, त्यात उतरतात. मृताचं नाव उच्चारलं जातं, त्याच्या वतीने मुलाला पूर्ण बुडवून वर काढतात, मग पुढचं नाव.

याची सुरुवात दुःखातून झाली, हे आधी सांगितलं पाहिजे. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये बाप्तिस्म्याविना गेला. अंत्यविधीच्या वेळी पाद्र्याने तो नरकात गेल्याचं सूचित केलं, अशी आठवण जोसेफ यांच्या धाकट्या भावाने सांगितली आहे. घरातलं तरुण माणूस गेलेलं, आणि वर हे ऐकायचं. पुढे १८४० मध्ये इलिनॉयमधल्या नावू गावी स्मिथ यांनी मृतांसाठी बाप्तिस्मा घेता येतो असं सांगितलं, तेव्हा समोर बसलेल्या माणसांत एक विधवा होती. तिचा मुलगा बाप्तिस्मा न घेता वारला होता. ती मिसिसिपी नदीत उतरली आणि तिने मुलाच्या नावाने बाप्तिस्मा घेतला. त्या बाईला कोण नावं ठेवील? रामकुंडाच्या पायऱ्यांवर अशा आया मी रोज पाहते.

पण ती तिच्या मुलासाठी उतरली होती. पुढच्या दीडशे वर्षांत ते पाणी परक्यांच्या मुलांपर्यंत गेलं.

अर्न्स्ट मिशेल जर्मनीतल्या मानहाइम शहरातले ज्यू. आउशवित्झच्या छावणीतून ते जिवंत सुटले. त्यांचे आईवडील तिथेच मारले गेले. पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्याचं वार्तांकन करणाऱ्यांत ते होते. १९९०च्या दशकात त्यांना कळलं की मॉर्मन नोंदींत त्यांच्या आईवडिलांचा मरणोत्तर बाप्तिस्मा झालेला आहे. शोध घेतल्यावर नरसंहारात मारल्या गेलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार ज्यूंची नावं तशीच निघाली. कोणाच्याही घरचे वारस विचारायला आले नव्हते. छावण्यांच्या आणि बळींच्या याद्या होत्या, त्यांतून नावं उचलली गेली होती. जी यादी मारेकऱ्यांच्या गुन्ह्याचा पुरावा, तीच कुंडावर नेली गेली. ज्यू म्हणून ज्यांना मारलं, त्यांचं ज्यू असणं मेल्यावरही कोणाला तरी अपुरं वाटलं. मिशेल यांना मुलगा म्हणून हे कसं वाटलं असेल, ते सांगायला मला वेगळी भाषा शोधावी लागत नाही.

१९९५ मध्ये करार झाला. ती नावं काढून टाकू, यापुढे थेट पूर्वजांखेरीज अशा ज्यूंची नावं घेणार नाही, असं चर्चने लिहून दिलं. तरी नावं येत राहिली. त्याच पंथाच्या एकेकाळच्या सभासद हेलन रॅडकी या संशोधक बाईंनी ती वर्षानुवर्षं शोधून काढली. २०१२ मध्ये नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सायमन व्हीझेंथाल यांच्या आईवडिलांची नावं निघाली. चर्चने माफी मागितली. त्याच महिन्यात डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या मंदिरात ॲन फ्रँकच्या नावाने बाप्तिस्मा झाल्याचं उघड झालं. ती पंधराव्या वर्षी बर्गन-बेल्झनच्या छावणीत गेली. तिला मूलबाळ कुठून असणार? थेट वंशजाने नाव द्यावं हा चर्चचाच नियम. तिच्या बाबतीत तो पाळणं शक्यच नव्हतं. त्यानंतर चर्चने सर्व सभासदांना पत्र पाठवून अशी आणि नामवंतांची नावं देऊ नका, दिलीत तर नोंदींचा वापर बंद होईल, असं बजावलं. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्यांसाठी जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते. हे नियम चांगले आहेत. पण परवानगी आहे की नाही, हे नाव कुंडावर पोहोचण्याआधी कोणी तपासतं का, हा माझा प्रश्न आहे. नंतर यादीतून नाव पुसल्याने झालेला विधी न झालेला होत नाही.

चर्चचं म्हणणं असं की हा केवळ देकार आहे. परलोकातला आत्मा तो नाकारू शकतो, आणि अशा मृतांना आम्ही सभासद म्हणून मोजत नाही. श्रद्धेने बोललेलं हे वाक्य मी श्रद्धेनेच ऐकते. पण आपण विचारतो आहोत ते ज्यांनी उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे, त्यांना.

२०१२ मध्येच रॅडकी यांनी सांगितलं की महात्मा गांधींच्या नावानेही १९९६ मध्ये असा बाप्तिस्मा झाल्याची नोंद त्यांनी पाहिली होती. गांधीजींना हा देकार कोणी कधी दिलाच नव्हता का? आत्मकथेत प्रिटोरियाचे दिवस वाचावेत. कोट्स नावाचे ख्रिस्ती मित्र त्यांना पुस्तकं देत, प्रार्थनेला नेत. गांधीजींच्या गळ्यात तुळशीची कंठी होती. कोट्सना ती अंधश्रद्धा वाटली. म्हणाले, आणा, मी तोडून टाकतो. गांधीजींनी तोडू दिली नाही. कंठीत विशेष सामर्थ्य आहे असं त्यांना वाटत नव्हतं, झिजून आपोआप तुटली तर नवी घालण्याची ओढही नव्हती. पण ती आईने प्रेमाने घातली होती. मैत्री शाबूत राहिली, पुस्तकं वाचून झाली, कंठी गळ्यात राहिली. ख्रिस्ताविषयीचा आदर जन्मभर बोलून दाखवूनही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. याहून स्पष्ट उत्तर एखादा माणूस आयुष्यभरात कसं देणार?

ज्यूंना हा घाव इतका खोल का जातो, हे कळायला गोव्यापर्यंत जावं. गार्सिया द ओर्ता हा तिथला विख्यात वैद्य. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. त्याच्या ज्यू आईवडिलांना पोर्तुगालमध्ये १४९७ साली जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला होता. तो १५६८ मध्ये गोव्यात वारला. बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गुप्तपणे ज्यू राहिल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. मॉर्मन मुलं कोणाची हाडं उकरत नाहीत, कोणाला जाळत नाहीत, त्यांच्या मनात प्रेम असतं. दोन्ही एका पारड्यात घालणं घोर अन्याय होईल. पण बाप्तिस्मा आणि बळजबरी या दोन गोष्टी ज्या समाजाने शतकानुशतकं एकत्र भोगल्या, त्याने परक्याच्या हातातलं पाणी पाहून दचकू नये असं म्हणता येणार नाही.

हा लेख धर्मांतराविरुद्ध आहे असा कोणी अर्थ काढू नये. पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, बाबासाहेबांनी नागपूरला बुद्धाचा धम्म स्वीकारला. दोघांनीही जगासमोर, विचार करून, आपल्या तोंडाने. लक्ष्मीबाई टिळकांचं तर मला नेहमी आठवतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या मागे राहिल्या. संसार मोडला, मूल घेऊन वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. टिळकांना त्या आपल्या वाटेवर हव्या होत्या, पण त्यांनी बायकोच्या वतीने काही उरकून टाकलं नाही. त्या थांबल्या, भांडल्या, विचार करत राहिल्या आणि एके दिवशी स्वतःच्या मनाने आल्या. त्यांच्या बाप्तिस्म्याचं मोल त्या थांबण्यात आहे.

आता आपल्याकडे वळते, कारण वाचक विचारतीलच: तुम्ही तर्पणात काय वेगळं करता? प्रश्न रास्त आहे. स्वतःच्या पितरांनंतर ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडतात. त्या ओंजळीत नाव नसतं, ती कुठे लिहिली जात नाही, तिने कोणी हिंदू होत नाही. पण नाव घेऊन पिंड ठेवायचा झाला की आमच्या शास्त्रातही पहिला प्रश्न अधिकाराचा येतो. आणि आमच्याकडेही चूक होऊ शकते. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. एकदा एक दुकानदार आपल्या पारशी भागीदाराचा पिंड करायचा म्हणून आला. गोत्र काश्यप लावा म्हणाला. अण्णांनी सांगितलं, "मनात त्यांना आठवा आणि पाणी सोडा. नाव-गोत्र मी उच्चारणार नाही. त्यांनी ते मागितलं नव्हतं." दुकानदाराने तसंच केलं.

म्हणून माझ्या समव्यवसायी बंधूंना, नाशिकच्या आणि त्र्यंबकच्या, एक विनंती आहे. वह्यांचे फोटो काढा, उशीर करू नका. पण अख्खी वही कोणाच्याही हवाली करू नका; ज्याचं पान त्याला विचारा, आणि पुढे ते कशासाठी वापरणार हे लिहून घ्या. मॉर्मन धर्मगुरूंनाही हेच सांगणं आहे: वंशजाची संमती हातात येईपर्यंत नाव कुंडावर जाऊ देऊ नका.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका घराण्याने पूर्वी अण्णांना सांगितलं होतं की आमचा चुलता ख्रिस्ती झाला, त्याच्या नावावर रेघ मारा. अण्णांनी मारली नव्हती. "ते लिहिलं त्यांनी, खोडायचं तर त्यांनीच," म्हणाले होते. एका दुपारी त्या चुलत्याचा नातू आला. गळ्यात लहानसा क्रूस. वहीत आजोबांचं विशीतलं अक्षर पाहून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, त्यांच्यासाठी इथे काही करावं का?"

"त्यांनी कधी म्हटलं होतं?"

"नाही. त्यांचं सगळं त्यांच्या चर्चमध्ये झालं."

अण्णांनी दौत उघडून त्याच्यापुढे सरकवली. त्याने आजोबांच्या नावाखाली त्यांच्या बाप्तिस्म्याचं साल लिहिलं, गेल्याचं साल लिहिलं, दफन कुठे केलं त्या गावाचं नाव लिहिलं, आणि खाली स्वतःची सही केली. शाई वाळेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो होतो.