डिस्क गोल्फ शिकायचं तर झाडीतच



लेकाकडे, लेकीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येणाऱ्या आपल्यासारख्या बायकांचा दिवस कसा जातो, हे काही वेगळं सांगायला नको. स्वयंपाक, नातवंडांचे डबे, आणि दुपारी खिडकीतून दिसणारा रिकामा रस्ता. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे रविवारी कुणी नेईल तेवढंच फिरणं. म्हणून आज एका खेळाची बाजू घेते आहे. डिस्क गोल्फ. आणि माझं म्हणणं असं की आपण तो मोकळ्या मैदानात नाही, झाडीतच शिकावा.

खेळ सोपा. फुलक्याएवढी प्लास्टिकची डिस्क लोखंडी साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. कमीत कमी फेकींत जो पोचेल तो जिंकला. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांत असतात आणि फुकट असतात.

माझी लेक पॅसडीनाजवळ राहते. तिथल्या हाहामोंगना बागेत ओकच्या झाडांखाली एक कोर्स आहे, शेजारीच नासाची जेपीएल प्रयोगशाळा. १९७५ साली तयार झालेला हा कोर्स जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स मानला जातो. तो आखणारे एड हेड्रिक आधी फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या. (हे ऐकून मी हातातली डिस्क उलटीपालटी करून पाहिली होती.) त्याआधी लोक झाड, खांब, कचऱ्याचा डबा, जे दिसेल त्यावर नेम धरायचे. बास्केट आली आणि झाडं नेमातून सुटली, हे मला फार बरं वाटतं.

आता झाडीच का? मोकळ्या मैदानात ताकदीचा खेळ होतो. लांब फेकणारा पुढे जातो, आणि आपण पहिल्या दहा मिनिटांत ‘तुम्ही खेळा, मी बसते’ म्हणून बाकावर. झाडीतली वाट अरुंद. तिथे जावईबापूंची जोरदार फेक तिसऱ्या झाडावर आपटून मागे येते, आणि आपली साधी, सरळ फेक वाटेच्या मधोमध जाऊन पडते. नवशिक्यांना जमतील अशा कोर्सवर अंतरंही कमी असतात. शिवाय सावली. कॅलिफोर्नियाच्या उन्हात अठरा बास्केट सावलीशिवाय करणं आपल्याच्याने व्हायचं नाही.

पण एक अट. हातात पटर घ्या. डिस्कचे ढोबळ तीन प्रकार: पटर, मिडरेंज, ड्रायव्हर. घरातली मुलं उत्साहाने ड्रायव्हर देतात, ‘ही लांब जाते’ म्हणून. ती लांब जाते खरी, पण जोरात सोडली तरच. हळू सोडली तर उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली डिस्क लगेच डावीकडे वळून झुडपात घुसते. पटरची कड जाड, बोथट. ती हळू फेकीतही सरळ जाते. चार बोटं कडेच्या आत, अंगठा वर, हात शरीराजवळून ओढायचा. अख्खा कोर्स एका पटरवर खेळता येतो. आणि बोथट, हळू डिस्क लागली तर झाडाच्या सालीला इजाही कमी. सुरुवातीच्या जागेसमोरच्या झाडांची खोडं जवळून बघा, सालीवर वण दिसतील. माझ्यासाठी पटरचं हे कारण नेमापेक्षा मोठं आहे.

आपल्यातल्या काहीजणी विचारतात, एकेंद्रिय जीवांवर पाय देत हिंडायचं, तेही खेळासाठी? प्रश्न रास्त आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण या खेळाची नियमावली वाचून मी थक्क झाले. फेकायला उभं राहताना फांदीला कमीत कमी धक्का लागेल अशीच जागा निवडायची. फांदी आड येते म्हणून वाकवून धरायची नाही, मोडायची तर नाहीच. डिस्कजवळ अपायकारक कीटक किंवा प्राणी असेल तर बास्केटपासून मागे सरकून खेळा, दंड नाही. मारा, हाकला असं काही नाही, तुम्ही सरका.

पायाखालच्या जमिनीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तुडवून माती घट्ट झाली की पाणी मुरत नाही, आणि झाडाची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. ओली माती तर सर्वात जास्त दबते. आपला चातुर्मास पावसाळ्याचा, जीवोत्पत्ती जास्त म्हणून. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस पडतो हिवाळ्यात, चातुर्मासातले महिने तिथे कोरडे ठणठणीत. तेव्हा चातुर्मासात तुमचे नियम असतील ते पाळाच, पण त्यामागचं कारण मानत असाल तर तिथे जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस पडून गेल्यावर माती वाळेपर्यंत कोर्सवर जाऊ नका. मी जात नाही. लेक म्हणते, ‘आई, सगळे खेळतायत.’ खेळू देत.

बाकी तयारी थोडी. पूर्ण बाह्या, सलवार किंवा पँट, बंद बूट, गाळलेल्या पाण्याची बाटली. तीन-तीन पानांचं पॉयझन ओक ओळखायला शिका, अंगाला लागलं की आठवडाभर खाज जात नाही. डिस्क झुडपात गेली तर हात घालण्याआधी नीट बघा, त्या भागात रॅटलस्नेक असतात. दोघी-तिघींना अठरा बास्केटना दीड-दोन तास लागतात. उन्हाळ्यात साडेचारला सुरू केलं तरी घरी येऊन, हातपाय धुऊन, सूर्यास्ताआधी जेवण होतं. फक्त कणीक आधी मळून ठेवा.