कोरा रकाना

बी.कॉम.ला आम्हाला नफा-तोटा शिकवला. कोऱ्या रकान्याचे काय करायचे ते कुणी शिकवले नाही. ते मला परवा घाटंजीकडच्या एका आजीने शिकवले.

पीककर्जाच्या अर्जात 'क्षेत्र' हा रकाना तिने कोरा सोडला होता. सातबाऱ्यावर अजून मयत नवऱ्याचे नाव, फेरफार व्हायचा होता. बिचारी लिहिणार काय? आमच्या संगणकाने तिथे बिनदिक्कत शून्य घातले आणि म्हातारी क्षणात भूमिहीन झाली.

"भाऊ, म्या तं रकाना कोरा सोडला व्हता. हे शून्य कोनं काढलं?"

यावर माझाही रकाना कोराच!

घरी संगणक शिकलेला पुतण्या आहे. त्याच्याकडून कळले, की कोऱ्या मजकुराविषयी संगणकाच्या भाषांतच एकमत नाही. कोऱ्या मजकुराचा आकडा मागितला, तर जावास्क्रिप्ट हसतमुखाने शून्य देते. पायथॉन चूक दाखवून थांबते. ओरॅकलला तर 'कोरे लिहिले' आणि 'लिहिलेच नाही' हा फरकच कळत नाही.

पुतण्या म्हणतो, "काका, काम अडण्यापेक्षा शून्य परवडलं!"

परवडलं कुणाला? तुला की आजीला? अरे, कोऱ्या मजकुरात अक्षरे किती, असे विचारले तर शून्य हे उत्तर चोख आहे. पण शेत किती, या प्रश्नाला शून्य म्हणजे खोटी साक्ष! आमच्या जुन्या कारकुनांना हे कळत होते. काहीच नसेल तर ते स्वच्छ अक्षरात 'निरंक' लिहीत. कोऱ्या जागेला 'निरंक' समजण्याची त्यांची छाती नव्हती. ते माणसाला बोलावून विचारत. चेकचेच पाहा. अक्षरी रक्कम आणि आकडा जुळला नाही, तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट सांगतो. तरीही आम्ही असा चेक सहसा परतच करतो. मनाने रक्कम घालणाऱ्या कारकुनाला घरी बसवतात. मनाने शून्य घालणाऱ्या यंत्राला मात्र वातानुकूलित खोली!

तेव्हा माझे म्हणणे एवढेच: यंत्राने अडावे, पण अंदाज करू नये. अडलेले काम उद्या होते. खोटा आकडा पुढच्या दहा कागदांवर जाऊन बसतो.

फेरफार झाल्यावर आजी परत आली. मी विचारले, "क्षेत्र?"

"तीन एकर. अन् हिर हाये, पन पानी नाही."

'ओलिताखालील क्षेत्र' या रकान्यात मी शून्य लिहिले. तिला विचारून.