खाण थांबली, कांड्या चालू राहिल्या

गोव्यातल्या डिचोलीच्या माणसाला खाणीतल्या मातीचा ढिगारा दाखवा, तो आधी किती ट्रक भरतील याचा हिशेब करतो. स्लोव्हाकियातल्या श्पान्या दोलिनात मीही तोच करत बसले. बान्स्का बिस्त्रित्सा शहराजवळच्या डोंगरातलं हे गाव, वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास. डोक्यावर उपसलेल्या दगडमातीचं उघडंबोडकं टेकाड, त्याला नावही थेट मॅक्सिमिलियान! चर्चकडे जायला छप्पर घातलेल्या लाकडी पायऱ्या, दीडशेहून जास्त. माझे गुडघे साक्षीला आहेत.

सोळाव्या शतकात इथलं तांबं फुगर आणि थुर्झो या धनाढ्य घराण्यांच्या हातात होतं. या भागातलं तांबं अँटवर्पला, तिथून लिस्बनला आणि पुढे मिरीच्या व्यापारासाठी आमच्या किनाऱ्याकडे निघायचं. 1533 साली भारताकडे निघालेलं एक पोर्तुगीज जहाज नामिबियाजवळ फुटलं. 2008 मध्ये ते सापडलं, तेव्हा फुगरांचा त्रिशूळ उमटवलेले तांब्याचे गोळे त्यात होते.

पैसा असा देशोदेशी गेला. गावाकडे राहिलं ते बायकांचं काम. खाणकामगाराच्या मजुरीत घर भागेना, म्हणून त्या खाण चालू असतानाच लेस विणायला बसल्या. लोडासारखी घट्ट भरलेली उशी, तिच्यावर टाचण्यांनी बसवलेला नमुन्याचा कागद आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्यांच्या जोड्या. दोरे एकमेकांवरून टाकायचे, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची. हात इतके भराभर चालतात, की कुठली कांडी कुठे गेली ते आपल्याला कळतच नाही, नुसती टकटक ऐकू येते. खाण कधीच बंद पडली; लेस अजून विणली जाते.

तिथे सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. बरीच घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीपुरती घेतली आहेत. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या घरांनी गाव नांदत नाही.

आमच्याकडे 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा एकच प्रश्न होता: परत कधी सुरू होणार? बैठकीला ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवाले. बायका चहा करायला. खाणींची झळ बसलेल्यांसाठीचा जिल्हा खनिज निधी कशावर खर्चायचा हे ठरवताना त्यांना खुर्ची द्या आणि खाण चालू असतानाच द्या. बंद पडल्यावर विचारून काय उपयोग?