मुलं आईकडे, मग कर कुणाकडे?

मैत्रिणींनो, नाशिकच्या कुटुंब न्यायालयात चकरा मारणाऱ्या बायकांशी बोलताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. पोटगीचा आकडा, मुलांचा ताबा, स्त्रीधन यावर महिनोन्‌महिने वाद चालतो. प्राप्तिकराचा विषय मात्र कुणी काढतच नाही. ‘मला कुठे एवढं उत्पन्न?’ हे ठरलेलं उत्तर. पण निकालपत्र हातात पडलं की कराची गणितंही बदलतात.

आधी मुलांचं बघू. अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतात. विवाह संपला असेल तर मात्र जो पालक मुलाला सांभाळतो, त्याच्या. म्हणजे बहुतेक वेळा आईच्याच. 1961च्या कायद्यात हे होतं आणि 2025च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे.

समजा, सिन्नरची एखादी मैत्रीण पार्लर चालवते. खर्च वजा जाता वर्षाला सव्वातीन लाख सुटतात. तडजोडीत मिळालेले 15 लाख तिने लेकीच्या नावाने ठेवले. 7 टक्क्यांनी व्याज झालं 1 लाख 5 हजार. ते धरून तिचं उत्पन्न 4 लाख 30 हजार. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत 4 लाखांपुढे गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. अशा उत्पन्नावर 12 लाखांपर्यंत सवलत असल्यामुळे कर शून्य येतो. पण व्याज 50 हजारांवर गेल्यावर बँक 10 टक्के कापून घेते, म्हणजे साडेदहा हजार. विवरणपत्र भरलं नाही, तर ते परत मिळत नाहीत. लेकीच्या क्लासची फी असते हो ती!

आता पोटगी. प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 1980च्या दशकात निकाल दिला: एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही, दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्न. गंमत बघा, देणाऱ्या नवऱ्याला त्या रकमेची वजावट मिळत नाही. त्याने कर भरून उरलेल्या पैशातून दिलं, ते तिच्या हातात आल्यावर पुन्हा उत्पन्न! अमेरिकेत 2018 नंतरच्या घटस्फोटांत देणाऱ्याला वजावट नाही, पण घेणारीला करही नाही. आपल्याकडेही याचा विचार व्हायला काय हरकत आहे?

विवरणपत्र हे नुसतं ओझं नाही, पुरावाही आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी सांगितलं, की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यात प्राप्तिकराची माहितीही येते. ‘माझं काही उत्पन्नच नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याचं पितळ तिथे उघडं पडू शकतं.

तेव्हा तडजोडीवर सही करण्यापूर्वी वकिलांबरोबर करसल्लागारालाही एकदा भेटा. एकरकमी किती, दरमहा किती, मुलांसाठी किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. मुलांच्या ठेवींना आपला पॅन जोडा. आणि मुलाचा पॅन काढताना वडिलांच्या नावासाठी अडून बसू नका. आई एकटी पालक असेल, तर डिसेंबर 2018 पासून ते नाव सक्तीचं नाही.

मुलांची जबाबदारी आपण घेतलीच आहे, मग त्यांच्या पैशाचा हिशेबही आपल्याच हातात असू द्या.