तीळ तिच्या हातचे, मग वाण कां नाहीं?

संक्रांत हा शेतकऱ्याच्या घरचा सण आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. भोगीच्या भाजींत पडणारा हरभरा, पावटा, वांगें, गाजर आमच्याच रानांतलें. बाजरीच्या भाकरीस लागतात ते तीळही आमचेच. सुगडें घडवितो कुंभार, बांगडी भरतो कासार, गूळ तयार करतो गुऱ्हाळावरचा गुळव्या. या सणांतला घाम सगळा कष्टकऱ्यांचा.

मग त्याच घरांतली विधवा आई, लेक, सून रथसप्तमीपर्यंत दाराआड कां उभी? धनी गेल्यावर खुरपें तिनेंच धरलें, तीळ तिनेंच झोडले, सोसायटीचें देणें तिनेंच फेडलें, पोरें तिनेंच शाळेंत घातलीं. तिनें वळलेले लाडू गांवभर वाटले जातात, आणि हळदीकुंकवाच्या बैठकींत तिची सावलीही नको! तिचे तीळ शुभ आणि ती अशुभ, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, रीत वाडवडिलांची आहे. बरें, पण संक्रांत तरी एका जागीं कोठें बसली आहे? सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या 21-22 तारखेस. पंचांगांतली संक्रांत येते 14 किंवा 15 जानेवारीस, आणि सुमारें 70 वर्षांत ती एक दिवस पुढें सरकते. सणाचा दिवस सरकतो, तर माणसांनींच घातलेली रीत सरकूं नये काय?

ती सरकते, हें कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें दाखविलें. मे 2022 मध्यें तेथील ग्रामपंचायतीनें ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें बंद. त्याच महिन्यांत राज्य सरकारनेंही इतर गांवांस हाच कित्ता गिरविण्यास सांगितलें.

परंतु ठराव राहतो दप्तरांत, आणि सण होतो घरांत. म्हणून मायबहिणींनो, येत्या संक्रांतीस पहिलें वाण अशा जावेला, शेजारणीला द्या. तिला कुंकूं नको असेल तर बळजबरी करूं नका. पण बोलावणें चुकवूं नका. बंधूंनो, हें बायकांचें काम म्हणून तुम्हींही अंग काढूं नका. घरच्या विधवा आईच्या हातूनच पहिला तिळगूळ घ्या. गोड बोला म्हणणें सोपें आहे. जिच्या वाट्यास वर्षानुवर्षें कडूच आलें, तिला पाटावर मानानें बसवाल, तरच तें बोलणें खरें.